खालून आलेली हाक

मंगळवार, ४ मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. छताला एकूण चोवीस भोके पाडायची होती. त्यांपैकी एकही पाडून झाले नव्हते, आणि आजोबा नातीच्या पलंगाशेजारी फरशीवर उताणे पडले होते.

"अहो, पडलात की काय?" आजी दारातच थबकल्या.

"पडलो नाही. मोजतोय."

"झोपून?"

"हिला जे दिसतं ते उभं राहून कसं मोजणार?"

आजींनी पलंगाकडे पाहिले. पलंगावरची आठ वर्षांची नात भिंतीकडे तोंड करून होती. छातीपासून डाव्या पावलापर्यंत पांढरे प्लास्टर. हवी तशी वळवता येईल अशी मान तेवढी उरली होती, आणि ती तिने भिंतीकडे वळवून ठेवली होती.

घरात तिला ठिणगी म्हणत. जिना पायांनी उतरायचा असतो हे तिला कधीच मान्य नव्हते. कठड्यावरून घसरत येणे हाच तिच्या मते सरळ मार्ग. पंधरवड्यापूर्वी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा हात सुटला आणि मांडीचे हाड मोडले. डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितले होते: उताणे झोपायचे, डोक्याखाली एकच उशी, उठून बसायचे नाव नाही.

हाड जुळणार होते. अडले होते ते शाळेचे. ठिणगीची आई, म्हणजे आजोबांची सून, औषधांच्या दुकानात कामाला होती. आदल्या संध्याकाळी ती दुकानातून परस्पर शाळेत गेली आणि मुख्याध्यापिकांकडून एक कागद घेऊन आली. घरी शिकवण्याची तयारी असेल, तर शुक्रवारी, ११ एप्रिलला एक शिक्षिका घरी येऊन परीक्षा घेतील. गणित पंचवीस गुण, भाषा पंचवीस गुण. पन्नासपैकी तीस मिळाले तर चौथी, नाही तर पुन्हा तिसरी.

"बाबा, मी सही करून आलेय," सून म्हणाली होती. "जमेल ना हो आपल्याला?"

"सही करण्याआधी विचारायचं असतं ते."

"आधी विचारलं असतं तर तुम्ही चार दिवस विचार करत बसला असतात."

हे खरे असल्यामुळे आजोबांनी कामे वाटून घेतली. गणित त्यांच्याकडे आले, भाषा आजींकडे. पुन्हा तिसरीत बसावे लागेल हे ऐकल्यावर ठिणगी एकच वाक्य बोलली: "मग मी शाळेतच जाणार नाही." त्यानंतर हो आणि नको या दोन शब्दांवर तिने सगळे भागवले. पुस्तक तर ती अपघातापासूनच घेत नसे. तिचेही काही चुकत नव्हते. उताणे झोपून पुस्तक वर धरले की दोन मिनिटांत हात भरून येत आणि तिसऱ्या मिनिटाला पुस्तक नाकावर आपटे.

आजोबा तंत्रशाळेत शिकलेले, एकेचाळीस वर्षे लिफ्ट बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात मुरलेले. एखादी गोष्ट वर जात नसेल, तर ती का जात नाही हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. सोमवारची ती रात्र त्यांनी शांत झोपेत घालवली, कारण सकाळी काय करायचे ते त्यांना ठाऊक होते. मुलीला जर फक्त छतच दिसत असेल, तर शाळा छतावर न्यायची.

"छत जमिनीपासून दोन मीटर पंच्याऐंशी," ते फरशीवरूनच म्हणाले. "हिच्या डोळ्यापासून दोन मीटर पंचवीस. त्या अंतरावरून आकडा स्पष्ट वाचता यायला सहा सेंटिमीटर उंचीचा हवा. ठिणगे, वर बघ. छताला चिकटवलेला कागद दिसतो का?"

"नको," ठिणगी भिंतीला म्हणाली.

"दिसतो का विचारलं, हवा का नाही विचारलं."

आजोबा गुडघ्यावर हात टेकून, मधे दोनदा थांबून, उठले. त्यांच्या चेहऱ्यावर नव्या इमारतीत लिफ्टचा पहिला लोखंडी रूळ बसवायला निघालेल्या माणसाचे तेज होते. आजींनी ते ओळखले आणि बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला सरकवायला घेतल्या. आता पलंग तिकडे जाणार आणि दोन दिवस घरात धूळ उडणार, हे सांगावे लागले नाही.

आधी पलंगाला चाके लागली. मग कागदावर एकास दहा या प्रमाणात छताचा नकाशा उतरला. एक ते शंभर आकड्यांचे शंभर पत्ते, दहाच्या दहा ओळी. एका ओळीला लाकडाची एक पट्टी, एका पट्टीला दोन स्क्रू: वीस भोके. उरलेली चार दोरी फिरवणाऱ्या दोन कप्प्यांसाठी. कप्प्यांवरून दोरी, दोरीच्या एका टोकाला लिहिण्याची फळी आणि दुसऱ्या टोकाला वाळूचा डबा. फळीचे वजन भरले एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. आजोबांनी डब्यात चमच्याचमच्याने वाळू घालून तेवढेच वजन केले. फळी एका बोटाने खाली ओढावी, सोडली की तिथेच थांबावी. लिफ्टचा सगळा जीव या तोलात असतो.

"खडू चालेल का वर?" आजींनी विचारले.

"भुकटी डोळ्यांत जाईल."

"मग पेन द्या."

आजोबांनी फळीखाली झोपून पेनाने लिहून पाहिले. चौथ्या ओळीला पेन कोरडे पडले. शाई मागे फिरली होती. त्यांनी मऊ शिशाची पेन्सिल घेतली, पानभर लिहिले, आणि उठून आजींना असे काही दाखवले की जणू पेन्सिलीचा शोध आताच लागला आहे.

"छान," आजी म्हणाल्या. "आता तोंड धुऊन या. मिशीत अर्धं छत आहे."

नकाशावरून छतावर खुणा नेण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. त्यांनी खोलीच्या फरशीवर, जिथे पलंग असे तिथेच, शंभर पत्ते नकाशाप्रमाणे मांडले. पायथ्याशी उभे राहून पाहिले: वरच्या डाव्या कोपऱ्यात एक, खालच्या उजव्या कोपऱ्यात शंभर. मग घोडीवर चढून छतावरून ओळंबा सोडला. दोरीच्या टोकाचे पितळी वजन ज्या पत्त्यावर स्थिर होई, त्याच्या बरोबर वर खूण. प्रत्येक खूण दोनदा तपासली. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक कुठेही नव्हता.

गुरुवारी, ६ मार्चला, दुपारी चार वाजून पंचवीस मिनिटांनी पलंग खोलीत परत आला. चाके कुरकुरली नाहीत. सून त्या दिवशी लवकर घरी आली होती. ती आणि आजी दाराशी उभ्या राहिल्या. आजोबा पलंगाच्या पायथ्याशी, हात मागे बांधून.

"बघ आता," ते म्हणाले.

ठिणगीने मान सरळ केली. दोन दिवस बाहेरच्या खोलीत पडून तिने छताला भोके पडण्याचा आवाज ऐकला होता, आणि काय चालले आहे हे न विचारण्याचा तिचा निश्चय दोन दिवसच टिकण्याइतका होता. ती पाहत राहिली. तिचे ओठ हलू लागले. मग कपाळाला आठी पडली.

"आजोबा, हे दहापासून का सुरू होतंय?"

"दहापासून नाही, एकपासून. वरचा डावा कोपरा बघ."

"वरच्या डाव्या कोपऱ्यात दहा आहे."

"अगं, एक आहे तिथे."

"एक उजवीकडे आहे. दहा, नऊ, आठ, सात, असं आहे. खाली वीस, एकोणीस, अठरा."

आजोबांनी मान वर केली, स्वतःभोवती अर्धा फेरा घेतला, पुन्हा उलटा घेतला. शेवटी ते पलंगाशेजारी फरशीवर उताणे झाले आणि वर पाहू लागले.

चूक अगदी स्वच्छ होती. फरशीवर मांडलेली ओळ त्यांनी वरून पाहिली होती. तीच ओळ जशीच्या तशी छताला लावली की खालून पाहणाऱ्याला तिची डावी बाजू उजवीकडे दिसणार. एकेचाळीस वर्षे त्यांनी खुणा खाली-वर नेल्या होत्या, पण त्या रुळांच्या आणि खिळ्यांच्या. खिळ्याला डावे-उजवे नसते. आकड्यांच्या ओळीला असते. दोन मिलिमीटरचा फरक न पडू देता त्यांनी अख्खा तक्ता उलटा बसवला होता.

"एवढ्या वर्षांत कधी असं झालं होतं का हो?" आजींनी विचारले.

"नाही."

"मग घरच्यांसाठी राखून ठेवलं होतं म्हणायचं."

पलंगावरून एक विचित्र आवाज आला. सून घाबरून पुढे झाली. ठिणगी हसत होती. प्लास्टरमुळे पोटातून हसू बाहेर पडायला जागा मिळत नव्हती, त्यामुळे ती नुसती उकळत्या भांड्याच्या झाकणासारखी थडथडत होती.

"आजी, तू नको ना बोलूस. टोचतंय मला."

सुनेने पदर तोंडाला लावला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

आजोबा उठून बसले. "सगळं काढतो. उद्या पुन्हा लावतो."

"पट्ट्या कशाला काढायच्या?" ठिणगी म्हणाली. "एक आणि दहाची अदलाबदल करा. मग दोन आणि नऊची."

आजोबांनी तिच्याकडे पाहिले. गेल्या पंधरा दिवसांतली तिची ही पहिलीच सूचना होती, आणि तांत्रिकदृष्ट्या ती बिनचूक होती.

"शंभर पत्ते आहेत. पन्नास अदलाबदली. आणि घोडीवर चढल्यावर मला डावं कुठलं ते कळेनासं होतं, ते आत्ता सगळ्यांनी पाहिलंच."

"मी सांगते ना."

"सांगायचं असेल तर नीट सांगावं लागेल. आमच्या कामात एक रीत आहे. लिफ्टच्या वर एक माणूस असतो, खाली खड्ड्यात एक. खालच्याला जे दिसतं ते वरच्याला दिसत नाही, म्हणून शब्द खालच्याचा. खालच्यानं हाक द्यायची, वरच्यानं तेच शब्द परत म्हणायचे, आणि मगच हात हलवायचा. परत म्हटल्याशिवाय हलवला तर त्या दिवशीचं काम बंद."

"म्हणजे मी साहेब?"

"तू खालचा माणूस. साहेबापेक्षा मोठा."

डोक्यावर काम चालू असताना खाली कोणी नको, म्हणून पलंग दीड मीटर बाजूला घेतला गेला. आजोबा घोडीवर चढले.

"एक काढा, दहा काढा."

"एक काढला, दहा काढला."

"दहा तुमच्या खिडकीकडच्या हाताला लावा. एक कपाटाकडे."

"दहा खिडकीकडे. एक कपाटाकडे."

पहिल्या ओळीला अकरा मिनिटे लागली. हाका देता देता ठिणगी मधेच थांबली.

"आजोबा, एक आणि दहा किती?"

"अकरा."

"दोन आणि नऊ पण अकरा. तीन आणि आठ पण. सगळ्या जोड्या अकराच."

"मग?"

"मग काही नाही. पुढची ओळ घ्या. अकरा आणि वीस काढा." ती पुटपुटली. "एकतीस. बारा आणि एकोणीस... एकतीस. आजोबा, या ओळीत सगळे एकतीस."

आजोबांच्या हातात टाचण्या होत्या आणि तोंडातही दोन होत्या. तिसऱ्या ओळीत एकावन्न आले. चौथी ओळ सुरू होण्याआधीच ठिणगीने हात वर केला.

"थांबा. आत्ता हात लावू नका. मी आधी सांगते. एकाहत्तर येणार."

"कशावरून?"

"दर ओळीला वीसनं वाढतंय. बघा तुम्ही. एकतीस आणि चाळीस."

"एकाहत्तर," आजोबा म्हणाले. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"सदतीस आणि चौतीस पण. अडतीस आणि तेहतीस पण. आई! इकडे ये. आजी, तू पण ये. यांच्या चुकीत गणित निघालंय."

सून ओल्या हातांनीच आली. त्या संध्याकाळी चार जण एका खोलीत छताकडे पाहून बेरजा ओरडत होते. आजी दर वेळी एका आकड्याने चुकत, आणि ठिणगी त्यांना दर वेळी सुधारत होती. शेवटच्या ओळीला, एक्क्याण्णव आणि शंभर, एकशे एक्क्याण्णव असे म्हणताना तिचा घसा बसला. काम दोन दिवसांचे धरले होते. ते दोन तास दहा मिनिटांत उरकले.

त्यानंतरचे पाच आठवडे खोलीत शाळा भरली. सकाळी दहा ते बारा गणित. फळी एका बोटाने खाली येई, पेन्सिल चाले, फळी एका बोटाने वर जाई. नुसते वर-खाली करण्यातच पहिले दोन दिवस गेले, आणि आजोबांनी ते तपासणीत धरले. पाढे ठिणगी तक्त्यावर नजरेने उड्या मारत म्हणे: नवाचा पाढा जिन्यासारखा तिरका उतरतो, अकराचा दुसऱ्या बाजूने उतरतो, आणि त्यावरून कुणी पडत नाही.

दुपारी चार ते पाच भाषा. आजी उशाशी स्टूल घेऊन बसत आणि वाचत. मधेच पुस्तक मिटून म्हणत, "पुढे काय झालं असेल, सांग." ठिणगी सांगे, मग आजी तेच तिला फळीवर लिहायला लावत. एवढेच.

"तुला काही करून हवंय का?" आजोबांनी एकदा विचारले. "पुस्तक धरायला एक हात बसवतो, स्प्रिंगचा. पान उलटायची सोय करता येईल."

"मला दोन हात आहेत देवानं दिलेले. त्यांना स्क्रू लागत नाहीत. तुम्ही मधे मधे येऊ नका म्हणजे झालं."

११ एप्रिलला सकाळी साडेदहाला परीक्षा घेणाऱ्या बाई आल्या. बारीक चणीच्या, हातात बंद पाकीट. त्यांनी खोलीत पाऊल टाकले, ठिणगीच्या नजरेमागे आपली नजर वर नेली, आणि त्या दारातच थांबल्या.

"हे काय आहे?"

आजोबांनी मोठ्या हौसेने सांगायला सुरुवात केली. बाईंनी पूर्ण ऐकून घेतले.

"काम सुंदर आहे. पण गणिताच्या परीक्षेला डोळ्यांपुढे आकड्यांचा तक्ता चालणार नाही. वर्गातल्या मुलांना नसतो. काढावा लागेल."

"शंभर पत्ते आहेत. दीड तास लागेल."

"माझ्याकडे एकच तास आहे. दुपारी दुसरी परीक्षा आहे शाळेत."

आजोबा एकेक उपाय तपासू लागले. चादर बांधावी तर छताला हुक कुठे होते? पलंग बाहेर न्यावा, तर लिहिण्याची फळी आत राहणार. पाच आठवड्यांची शाळा आता तिच्या स्वतःच्याच छतामुळे बुडणार होती. सुनेने रजा टाकली होती. ती भिंतीला टेकली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली.

"बाई," ठिणगी म्हणाली, "मी डोळे मिटते."

"गणित पूर्ण होईपर्यंत?"

"हो. तुम्ही रुमाल बांधा हवं तर."

बाईंनी क्षणभर विचार केला. मग पिशवीतून स्वतःचा रुमाल काढला, घडी घातली आणि तिच्या डोळ्यांवर सैलसर बांधला. "घरच्यांनी बाहेर थांबावं," त्या म्हणाल्या. दार लोटले जात असताना आजोबांच्या कानावर पहिला प्रश्न पडला.

"छत्तीस आणि पस्तीस?"

"चौथी ओळ," ठिणगी म्हणाली. "एकाहत्तर."

दार बंद झाले. पुढचा पाऊण तास आजोबा स्वयंपाकघरात उभे होते. आजींनी चहा दिला, तो त्यांनी हातात धरला, आणि गार झाल्यावर परत दिला.

"बसा हो."

"बसतोच आहे," ते उभ्याउभ्याच म्हणाले.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळले नाही. निकाल मुख्याध्यापिकाच देतील, असे त्यांनी सांगितले आणि चहाला थांबल्या नाहीत. रुमाल मात्र त्या विसरून गेल्या.

प्लास्टर २१ एप्रिलला निघाले. आतला पाय बारीक, पांढुरका आणि ठिणगीच्या मते दुसऱ्याच कुणाचा तरी होता. हॉस्पिटलने चार पायांचा वॉकर दिला. शुक्रवारी, २५ एप्रिलला संध्याकाळी सून पाकीट घेऊन घरात शिरली, तेव्हा ठिणगी बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळात तिसरी फेरी मारत होती: वॉकर पुढे, डावा पाय, उजवा पाय. जीभ दातांत धरलेली.

सुनेने पाकीट आजोबांच्या हातात दिले. "तुम्हीच उघडा. मला नाही उघडवत."

आजोबांनी चष्मा लावला, कागद सरळ केला आणि बोळात, दिव्याखाली, उभे राहून वाचले. गणित, पंचवीसपैकी एकवीस. खाली बाईंच्या अक्षरात नोंद होती: बेरीज, वजाबाकी, पाढे पूर्ण बरोबर, काटे तोंडी सांगून विचारलेले घड्याळ, चारपैकी शून्य. त्यांनी ते पुन्हा वाचले. चोवीस भोकांच्या त्या खोलीत घड्याळ लावायचे राहून गेले होते.

"भाषा किती?" आजींनी विचारले.

"चोवीस."

आजींनी हातातला कांदा पुन्हा चिरायला घेतला, पण सुरीचा आवाज आधीपेक्षा बराच खुशीत होता.

"ठिणगे, चौथीत गेलीस," सून म्हणाली.

"माहितेय," ठिणगी म्हणाली. तिची नजर समोर होती, स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर. तिथपर्यंत तिला पोहोचायचे होते. "आजोबा, सरका ना. वाटेत उभे आहात."

आजोबा कागद छातीशी धरून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. वॉकर त्यांच्या चपलांना चाटून पुढे गेला.

पन्नासपैकी पंचेचाळीस.